वावर विकण्याआधी

ताई, नमस्कार.
मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहितेय. बारावी सायन्सला ७८ टक्के आहेत, सीईटीला ८८ पर्सेंटाईल. आम्ही ओबीसी. पप्पा काळी-पिवळी चालवतात, तीन एकर कोरडवाहू वावर आहे. उत्पन्नाचा दाखला १ लाख ८० हजारांचा आहे. लहान भाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीला. मला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचंय. कॅपमधून, म्हणजे सरकारी प्रवेश प्रक्रियेतून, अमरावतीकडे मिळेल असं सर म्हणतात. पण पुण्यातला आतेभाऊ म्हणतो, तिकडे काय ठेवलंय, इथे मॅनेजमेंट कोट्यातून सीट घे, स्कॉलरशिप काय नंतर शोधता येते. पप्पा एक एकर विकायला तयार झालेत, गिऱ्हाईक घरी येऊन गेलं. तालुक्याचा नेट कॅफेवाला म्हणतो ५ हजार द्या, सगळ्या स्कॉलरशिप मिळवून देतो. मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर शोधते, शंभर नावं सापडतात आणि काहीच कळत नाही. पप्पांच्या गाडीचा आठवड्याचा हिशोब दर रविवारी मीच वहीत लिहिते, त्यामुळे घरात काय उरतं ते मला माहीत आहे. स्कॉलरशिप नेमकी कुठे शोधायची? आणि पप्पा म्हणतात, फुकटचं कशाला मागायचं. त्यांना काय सांगू?
एक वाचक

अगं, आधी त्या गिऱ्हाईकाला चहा पाजून परत पाठवा. वावराचा सौदा महिनाभर थांबला तर काही बिघडत नाही. कॅपचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा अर्ज, मात्र कुणासाठी थांबत नाही.

तू विचारलंस, शोधायची कुठे. आतेभावाचे तीन शब्द तू सहज लिहून गेलीस, ‘नंतर शोधता येते’, आणि माझ्या मते तुझ्या पत्रातला सगळा धोका तिथेच आहे. मी २२ वर्षं एका कॉलेजच्या ऑफिसात शिष्यवृत्तीच्या टेबलावर बसले. दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात तीच रांग लागायची. वडील शर्टाच्या खिशात घडी केलेला दाखला घेऊन उभे, शेजारी पोरगी किंवा पोरगा. मी प्रवेशाचा कागद बघायचे, त्यावर ‘संस्था स्तर’ लिहिलेलं असायचं, म्हणजे सीट कॅपबाहेर कॉलेजने स्वतः दिलेली, आणि माझ्या तोंडून तेच यायचं: काका, आता काही करता येणार नाही. दाखला खरा, गरज खरी, मार्क चांगले. पण सीट ज्या दाराने घेतली त्या दाराने शिष्यवृत्ती येत नाही.

आपल्या राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या फीची जी मोठी सवलत आहे ती केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, प्रवेश घेतलेल्यांनाच मिळते. व्यवस्थापन कोटा आणि संस्था स्तरावरचे प्रवेश शासन निर्णयातच वगळलेले आहेत. २०२४-२५ पासून तर तुझ्यासारख्या मुलींसाठी हा फरक फारच मोठा झालाय. ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. आधी ही सवलत ५० टक्के होती. शासकीय कॉलेज, अनुदानित, विनाअनुदानित, सगळीकडे लागू. म्हणजे खासगी विनाअनुदानित कॉलेजातसुद्धा कॅपने गेलीस तर शिक्षण शुल्क सरकार भरतं. त्याच कॉलेजात, त्याच वर्गात, त्याच बाकावर मॅनेजमेंट कोट्यातून बसलीस तर एक एकर जातं. आतेभाऊ वाईट नाही गं, त्याला हे माहीत नाही एवढंच.

पुणं हवंच असेल तर तेही कॅपच्या ऑप्शन फॉर्ममध्ये भरता येतं. भर की पुण्याची कॉलेजं वर, अमरावतीची खाली. मिळालं तर मिळालं. फक्त एक पाहा. हल्ली बऱ्याच जुन्या कॉलेजांच्या कमानीवर ‘युनिव्हर्सिटी’ असा नवा बोर्ड लागलाय. खासगी अभिमत (डीम्ड) विद्यापीठं आणि खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं या योजनेत नाहीत. माहितीपत्रकाचं रंगीत मुखपृष्ठ बाजूला ठेवून कॉलेज कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे आणि त्याचे प्रवेश सीईटी कक्षाच्या कॅपमधून होतात का, हे दोनच प्रश्न विचार. फोनवर नीट उत्तर देत नसतील तर तेही उत्तरच समज.

माफ म्हणजे काय काय माफ, हेही आधीच कळलेलं बरं. शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क, बस. विकास शुल्क, अनामत, जिमखाना, ओळखपत्र असल्या नावांनी कॉलेज जे घेतं ते भरावं लागतं. त्यामुळे प्रवेशाच्या दिवशी फीचं विवरण लेखी माग. पात्र मुलीकडून शिक्षण शुल्क आधी भरून घेऊ नका अशा शासनाच्या सूचना आहेत. तरीही खिडकीवरचा एखादा माणूस ‘आत्ता भरा, मग परत मिळेल’ म्हणेल. तेव्हा भांडू नकोस. ‘सर, तसं लिहून द्या’ एवढंच म्हण. मी खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेली आहे, म्हणून सांगते, या वाक्याने आतला आवाज लगेच खाली येतो.

आता राहण्या-जेवणाचं. फी माफ झाली तरी वावर विकायची वेळ खरं तर याच खर्चापायी येते, आणि यासाठीच्या योजना लोकांना सगळ्यांत कमी माहीत असतात. ओबीसी मुलामुलींसाठी जिल्ह्यांत शासकीय वसतिगृहं सुरू झालीत, पहिला अर्ज तिथे. तिथे नंबर लागला नाही तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांना खोली, जेवण आणि किरकोळ खर्चासाठी थेट खात्यात पैसे येतात. पुण्या-मुंबईसारख्या शहरात वर्षाला ६० हजारांपर्यंत, लहान गावांत त्याहून कमी. उत्पन्नाची अट अडीच लाखांची आहे, तू बसतेस. जिल्ह्याजिल्ह्यात जागा मोजक्या असतात आणि गुणवत्तेवर यादी लागते, म्हणून वसतिगृहाचा अर्ज ‘तिथे कुठे मिळणार’ म्हणून टाळू नकोस; तो केला होता याचाच पुढे उपयोग होतो. तुझ्या मैत्रिणींपैकी कुणी अनुसूचित जातीची किंवा नवबौद्ध असेल तर तिच्यासाठी अशीच डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, आदिवासी मुलींसाठी स्वयम्, आणि खुल्या गटातल्या अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत कामगारांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. नावं लांबलचक आहेत खरी. पण नावं पाठ करायची गरज नाही, आपल्या प्रवर्गाचा विभाग कोणता ते कळलं की पुरे.

रात्री दोन वाजेपर्यंत शंभर नावं सापडतात म्हणालीस. त्या शंभरातली नव्वद तुझ्यासाठी नसतातच. तुझ्यासाठी दोन दारं पक्की: राज्याचं महाडीबीटी पोर्टल आणि केंद्राचं नॅशनल स्कॉलरशिप पोर्टल, ज्याला सगळे एनएसपी म्हणतात. दोन्हींच्या पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असतं. तसं नसेल तर पान बंद कर, कितीही अशोकस्तंभ छापलेला असो. फीची माफी महाडीबीटीवरून येते. ‘माफ आहे ना’ म्हणून गप्प बसलीस तर काही होत नाही, अर्ज तुलाच करायचा असतो.

एनएसपीवर तुझ्या कामाची एक गोष्ट आहे, एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, प्रगती शिष्यवृत्ती. तांत्रिक पदवी किंवा पदविकेच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या मुलींसाठी, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत, वर्षाला ५० हजार रुपये, थेट मुलीच्या खात्यात. एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. मुलगी दिव्यांग असेल तर तितक्याच रकमेची सक्षम नावाची वेगळी शिष्यवृत्ती आहे. ती मुलांनाही मिळते.

इथे एक गणित आहे आणि ते कुणी सांगत नाही म्हणून मी थांबून सांगते. राज्याची फीमाफी आणि प्रगती, दोन्ही एकाच वेळी घेता येत नाहीत, निवड करावी लागते. आता समज, तुला विनाअनुदानित कॉलेज मिळालं आणि तिथलं शिक्षण शुल्क ५० हजारांच्या बरंच वर आहे. मग राज्याची फीमाफी घ्यायची, डोळे मिटून. पण समज शासकीय कॉलेज मिळालं, तिथलं शिक्षण शुल्क त्या मानाने फारच कमी. तिथे माफीने वाचतील थोडेच आणि प्रगतीचे मात्र रोख ५० हजार येतील. त्यातून ती थोडी फी भरूनही लॅपटॉपचे, मेसचे पैसे उरतात. म्हणजे ‘१०० टक्के माफी’ ऐकून लगेच हुरळायचं नाही, रुपयांत मांडून बघायचं. गाडीचा हिशोब लिहिणाऱ्या मुलीला हे अवघड नाही. मात्र प्रगतीच्या जागा देशभरात मर्यादित असतात, यादी लागेपर्यंत हातचं सोडू नकोस, आणि ज्या वर्षी निवडशील त्या वर्षाच्या दोन्हींच्या अटी कॉलेजच्या टेबलावर बसलेल्या माणसाकडून वाचून घे.

एनएसपीवरच बारावी बोर्डात आपल्या शाखेत वरच्या वीस टक्क्यांत आलेल्यांसाठी केंद्राची आणखी एक शिष्यवृत्ती आहे. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत, पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत दरवर्षी १२ हजार. ती फीमाफीसोबत चालत नाही, म्हणून तुला फारशी नाही. पण तुझ्या वर्गातलं कुणी साध्या बीएस्सीला किंवा बीएला चाललं असेल, जिथे मुळात फीच थोडी, त्याला नक्की सांग. ही मुलं ‘आपल्याला कुठली स्कॉलरशिप’ म्हणून अर्जच करत नाहीत.

भाऊ आठवीत आहे ना, जिल्हा परिषदेच्या शाळेत? मग तुझ्याआधी त्याचा फॉर्म. एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा आठवीतच देता येते, नंतर नाही. सातवीला ५५ टक्के आणि घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलं की बसता येतं. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत महिन्याला हजार, वर्षाला १२ हजार. फॉर्म शाळेतूनच भरला जातो. उद्याच त्याच्या मुख्याध्यापकांना विचार; काही शाळांत हुशार चार मुलांचेच फॉर्म भरतात, तुझा भाऊ त्या चारांत नसला तरी भरून घे.

आता कॅफेवाल्याकडे येऊ. फॉर्म भरून देण्याचे, प्रिंटचे, स्कॅनचे पैसे घेतले तर तो त्याचा धंदा आहे, त्यात गैर काही नाही. पण ‘मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका. सरकारी अर्जाला फी नसते आणि मंजुरी कॅफेत होत नाही. माझ्या टेबलावर एकदा एक मुलगा आला होता. दुसऱ्या वर्षाचं नूतनीकरण करायचं, तर युजर आयडी माहीत नाही, पासवर्ड माहीत नाही. सगळं कॅफेवाल्याच्या वहीत. वही म्हणजे लांबट, काळ्या पुठ्ठ्याची, शंभर-दीडशे पोरांची नावं, पुढे पासवर्ड, काहींच्या पुढे आधारसुद्धा. बरं, मोबाइल नंबरही कॅफेवाल्यानेच स्वतःचा टाकलेला, ‘ओटीपीची कटकट नको’ म्हणून. कॅफे उन्हाळ्यात बंद झालं, माणूस गाव सोडून गेला आणि या पोराचं ते वर्ष नुसतं अर्ज शोधण्यात गेलं. तुझा आयडी, तुझा पासवर्ड, तुझाच नंबर. टायपिंग दुसऱ्याने केलं तरी खुर्चीच्या मागे उभी राहून बघ.

अर्ज सबमिट केला की काम संपलं असं वाटतं, ते तिथे संपत नाही. तो आधी कॉलेजच्या टेबलावर जातो, मग विभागाकडे. वाटेत कुणाला काही खुपलं की तो ‘सेंड बॅक’ होऊन तुझ्याकडे परत येतो आणि तिथेच पडून राहतो. टेबलावर बसून मी पाहिलंय, नाकारले गेलेल्या अर्जांपेक्षा असे परत येऊन विसरले गेलेले जास्त असायचे. कारणं फुटकळ असतात: दाखला उलटा स्कॅन झालाय, आईचं नाव एका कागदावर अनसूया आणि दुसऱ्यावर अनुसया. दर आठवड्याला एकदा लॉग-इन करून बघायचं. रविवार ठरवून टाक, हिशोबाच्या वेळी.

कागदांबद्दल लांबण लावत नाही, कॉलेज यादी देतंच. तीन कागद मात्र आजपासून डोळ्यासमोर ठेव. उत्पन्नाचा दाखला कोणत्या आर्थिक वर्षाचा आहे आणि कधीपर्यंत चालतो ते त्यावरच लिहिलेलं असतं. ३१ मार्च उलटली असेल तर सेतूत जाऊन नवा काढा, तलाठ्याच्या अहवालाला चार दिवस जातात. नॉन-क्रीमी लेअरचंही तसंच. आणि जात पडताळणी. तू तिच्याबद्दल काहीच लिहिलं नाहीस, म्हणून मला जरा धडकी भरली. सायन्सच्या मुलांनी बारावीतच कॉलेजमार्फत समितीकडे अर्ज करायचा असतो. केला असशील तर पावती शोधून ठेव आणि जिल्हा समितीत जाऊन प्रकरण कुठे अडलंय ते विचार. केलाच नसशील तर हे पत्र खाली ठेव आणि आधी तो कर. पुढचं नंतर वाच. इंजिनिअरिंगला राखीव जागेवर बसायचं आणि त्या प्रवर्गाची सवलत घ्यायची तर व्हॅलिडिटी, म्हणजे या पडताळणीचं प्रमाणपत्र, लागतेच. सीईटी कक्ष पावतीवर किती मुदत देतो ते त्या-त्या वर्षीच्या सूचनेत असतं. त्या मुदतीवर विसंबून राहण्याइतकं धाडस मी करणार नाही.

या सगळ्यात सर्वांत वेडावाकडा प्रकार कोणता असेल तर बँक खात्याचा. शिष्यवृत्तीचे पैसे तू फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यात जातात असं वाटतं ना? ते आधारला जोडलेल्या खात्यात जातात. एका मुलीची मंजुरी आली, पोर्टलवर ‘पैसे जमा’ दिसतंय आणि पासबुकात शून्य. बँकेत तीन चकरा झाल्या, मग माझ्याकडे रडत आली. शोधलं तर दोन वर्षांपूर्वी नवं सिम घेताना दुकानदाराने अंगठा घेतला होता, त्याच अंगठ्यावर एका पेमेंट्स बँकेचं खातं उघडून आधार तिकडे जोडलं गेलं होतं. घरात कुणालाच पत्ता नाही. पैसे त्या अदृश्य खात्यात सुखरूप पडून होते, मिळाले शेवटी. पण मेसवाल्याने तोवर दोन महिने जेवण उधार दिलं म्हणून पोरगी टिकली. आधारच्या संकेतस्थळावर लॉग-इन केलं की आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते दिसतं. पाच मिनिटांचं काम आहे.

तसंही पैसे वेळेवर येतील या भरवशावर राहू नकोस. मंजूर झालेले पैसे वर्ष संपता संपता, कधी पुढच्या वर्षी येतात. पहिल्या सहा महिन्यांची खोली आणि मेस यांची सोय घरातून किंवा उसनवारीने लावावी लागेल, आणि हे पप्पांना आत्ताच सांग. तेवढं जमत नसेल तर शैक्षणिक कर्ज आहे. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागू नये, त्यासाठी सरकारची हमी असते, आणि हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात. कर्ज काही चांगली गोष्ट नाही. पण कर्ज फिटतं, विकलेलं वावर परत येत नाही.

सरकारी दारांशिवाय खासगी संस्थाही आहेत आणि त्यांची मदत बहुतेकदा सरकारी सवलतीच्या जोडीने घेता येते. रिलायन्स फाउंडेशन पदवीच्या पहिल्या वर्षाच्या ५ हजार मुलांना निवडतं, पूर्ण पदवीसाठी मिळून २ लाखांपर्यंत देतं; बारावीला ६० टक्के लागतात आणि एक ऑनलाइन चाचणी असते. लीला पूनावाला फाउंडेशन फक्त मुलींना मदत करतं, पुण्याबरोबर अमरावती, वर्धा, नागपूर या जिल्ह्यांत त्यांचं काम आहे, म्हणजे अमरावतीला गेलीस तर विचारच. ठाण्याचं विद्यादान सहायक मंडळ खेड्यापाड्यातल्या मुलांच्या पाठीशी पैशाने आणि माणसाने, दोन्हीने उभं राहतं. पुण्यात प्रवेश झालाच तर विद्यार्थी सहाय्यक समितीच्या वसतिगृहाला अर्ज कर. १९५५ पासून ग्रामीण भागातल्या पोरांना अगदी कमी पैशांत ठेवून घेणारी संस्था आहे ती, आणि तिथे कामंही करावी लागतात, जे तुझ्या पप्पांना आवडेल.

अशा संस्था अर्जात ‘स्वतःबद्दल लिहा’ म्हणतात. तिथे सगळी पोरं एकच निबंध लिहितात: मी एका गरीब शेतकरी कुटुंबातील असून लहानपणापासून इंजिनिअर होण्याचे माझे स्वप्न आहे. वाचणाऱ्याने त्या दिवशी असे दोनशे वाचलेले असतात. तू तुझ्या पत्रात एक वाक्य लिहिलंस, गाडीचा हिशोब दर रविवारी मीच लिहिते. तिथून सुरू कर. डिझेल किती, पासिंगचे किती, टायर फुटला त्या आठवड्यात काय झालं, सोयाबीन विकलं त्या महिन्यात काय उरलं, आणि वहीतलं हे कॉम्प्युटरवर कसं आणता येईल असं तुला कधी वाटलं का. वाटलं असेल तर तेही लिही. वाटलं नसेल तर उगाच लिहू नकोस, मुलाखतीत लगेच उघडं पडतं.

राहिले पप्पा. ‘फुकटचं’ या शब्दामागे त्यांचा मान आहे, त्याला धक्का लावू नकोस. मी असल्या वडिलांना आधी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचं उदाहरण द्यायचे: १९१३ मध्ये त्यांनी बाबासाहेबांना अमेरिकेत शिकायला महिना साडेअकरा पौंड दिले, तेही करार करून, परत येऊन संस्थानची नोकरी करायची या बोलीवर. बाबासाहेबांनी ते घेतले आणि त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. माणसं मान डोलवायची, पण पटायचं नाही. राजे आणि बाबासाहेब हे त्यांना फार लांबचे वाटत. मग एकदा एका ट्रकवाल्या वडिलांना मी म्हटलं, तुम्ही टाकी भरता तेव्हा डिझेलच्या प्रत्येक लिटरवर सरकारला कर देता की नाही? किती वर्षं देताय? ते हसले आणि सहीला पेन मागितलं. तुझ्याकडे तर वहीच आहे. गेल्या वर्षभराचं डिझेल बेरीज करून पप्पांच्या पुढ्यात ठेव, बोलायची गरज पडणार नाही.

त्याच वहीची शेवटची चार पानं आता स्वतःसाठी राखून ठेव. प्रत्येक अर्जाचा नंबर, तारीख, आयडी, कुठल्या टेबलावर कुणी काय सांगितलं, सगळं तिथे. पासवर्ड वेगळीकडे. आणि पहिली ओळ आज रात्रीच लिही: माझं आधार कोणत्या बँकेला जोडलंय.